तारांना धडकून मरणारे पक्षी : डायव्हर्टरने खरंच फरक पडतो का?

भीमाकाठ
नमस्कार मंडळी. माझं माहेर भिगवणच्या बाजूला, उजनीच्या बॅकवॉटरच्या अगदी कडेला. हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला तिकडे किती गर्दी होते हे इथल्या निम्म्या लोकांना माहीत असेल, फोटोही टाकलेत तुम्ही. आता ज्याचे फोटो कुणी टाकत नाही त्याबद्दल विचारते.

पाण्याच्या कडेकडेने मोठ्या मनोऱ्यांची लाइन गेली आहे. तिच्याखाली चिखलात मेलेले पक्षी सापडतात. यंदा थंडीत चित्रबलाक दिसले, पट्टकादंब दिसले, एक रोहितही. कुणाचा पंख मोडलेला, कुणाची मान, पण जळल्याची खूण कुठे नाही. शिवाय शेतीपंपांच्या ११ केव्हीच्या (म्हणजे ११ हजार व्होल्टच्या) खांबांखाली घारी, घुबडं, वटवाघळं पडलेली असतात, ती वेगळीच.

प्रश्न दोन. तारांवर लावायच्या चकत्या किंवा स्प्रिंगा, म्हणजे डायव्हर्टर, मिळतात म्हणे, त्यांचा खरंच उपयोग होतो का? आणि त्या लावून हव्या असतील तर अर्ज कुणाकडे करायचा? भाऊ म्हणतो, "आधी आम्हाला दिवसा आठ तास लाइट मागून दे, मग पक्ष्यांचं बघू." त्याचंही चूक नाही.

श्रावणघेवडा
वाचतेय. एक बाळबोध प्रश्न. आमच्या गॅलरीसमोरच्या तारेवर पोपट आणि साळुंक्या ओळीने सभा भरवतात. त्यांना काहीच होत नाही, मग घुबडालाच शॉक का बसतो?

कांदाभजी
घुबडाचं बिल थकलेलं असतं.

झिरोवॅट
पस्तीस वर्षं खांबावर चढउतार केलीय, आता निवृत्त. त्यामुळे जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

श्रावणघेवडा, पोपटाचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. करंट वाहायला दाबात फरक लागतो, तो तिथे नसतो. घारीचं गणित वेगळं. तिचे पंख उघडले की दीड मीटर भरतात. ११ केव्हीच्या खांबावर दोन फेजमध्ये तेवढी जागाच नसते, आणि तार ते लोखंडी क्रॉसआर्म (खांबावरचा आडवा दांडा) हे अंतर तर आणखी कमी. पक्षी आर्मवर बसतो, उडताना पंख तारेला लागतो आणि करंट त्याच्या अंगातून आर्ममार्गे जमिनीत जातो. डीपीवर (ट्रान्सफॉर्मरच्या खांबांवर) तर जंपर (जोडतारा), फ्यूज, लाइटनिंग अरेस्टर यांची नुसती दाटी. घुबडाला रात्री उंदरांवर नजर ठेवायला हीच जागा आवडते. वटवाघूळ लोंबकळतं एका तारेला आणि पंख ताणतं दुसरीकडे.

भीमाकाठ ताई, तुमच्याकडे दोन वेगवेगळे आजार आहेत, त्यांना एक औषध चालणार नाही. खांबाखाली पडलेले ते शॉकने गेलेले. मनोऱ्यांखालचे धडकून गेलेले. १३२ किंवा २२० केव्हीच्या लाइनवर तारांमधली अंतरं एवढी मोठी असतात की पक्ष्याच्या पंखांनी दोन फेज सहसा जुळतच नाहीत. तिथे तो वेगाने येऊन आपटतो, बहुतेक वेळा सगळ्यात वरच्या तारेवर. ती अर्थवायर, वीज अंगावर घेण्यासाठी टाकलेली आणि खालच्या कंडक्टरपेक्षा पुष्कळ बारीक. वाळत घातलेली साडी लांबून दिसते, दोरी दिसत नाही, तसं आहे ते. पक्ष्याला खालच्या जाड तारा दिसतात, त्या चुकवायला तो वर उठतो आणि नेमका अर्थवायरवर जातो. म्हणून डायव्हर्टर लावायचे ते तिथे.

हातोडा
मग ती अर्थवायर काढूनच टाका की. प्रश्न मिटला.

झिरोवॅट
आणि वीज पडली की सबस्टेशन तुम्ही सांभाळणार का? शिवाय आता बऱ्याच लाइनवर त्या तारेच्या पोटातून ऑप्टिकल फायबर जातं. ती काढायची कुणी छाती करणार नाही.

टिटवी
झिरोवॅट अण्णांनी पाया घातलाच आहे, मी पक्ष्यांच्या बाजूने भर घालते.

डायव्हर्टर म्हणजे तारेवर ठरावीक अंतराने बसवलेली, डोळ्यांत भरेल अशी वस्तू. पीव्हीसीची स्प्रिंग असते, वाऱ्यावर फडफडणारी चकती असते, काही चकत्यांवर चमकणारी आणि अंधारात उजळणारी पट्टी असते. जगभरचे बरेच अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये हिशोब मांडला गेला, तेव्हा धडका सरासरी निम्म्याने कमी होतात असं निघालं. पण ही सरासरी फसवी आहे.

दक्षिण आफ्रिकेतल्या कारू प्रदेशात फार मोठा प्रयोग झाला. वर्षानुवर्षं लाइनखाली चालत जाऊन मेलेले पक्षी मोजले, काही स्पॅनवर (दोन मनोऱ्यांमधल्या तारांवर) खुणा लावल्या, काही मुद्दाम तशाच ठेवल्या. खुणा लावलेल्या तारांवर निळ्या क्रौंचांचे मृत्यू ९२ टक्क्यांनी घटले. आणि तिथल्या माळढोकाच्या चुलतभावांवर, म्हणजे लुडविग्ज बस्टर्डवर, परिणाम शून्य. म्हणजे तीच तार, तीच चकती, आणि एका पक्ष्याला ती वाचवते, दुसऱ्याला नाही.

कारण डोळ्यांत आहे. ग्रॅहम मार्टिन आणि जेसिका शॉ यांनी २०१० मध्ये क्रौंच, करकोचे आणि बस्टर्ड यांचं दृष्टिक्षेत्र मोजलं. या पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरचं दिसण्याची पट्टी अरुंद. उडताना खाली खाद्य किंवा सोबती शोधायला मान जरा झुकवली की समोर चक्क काहीच दिसत नाही. बस्टर्डला त्यासाठी मान अगदी थोडीच झुकवावी लागते. त्यात १०-१५ किलोचा माळढोक, ऐनवेळी वळणार कसा?

त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर "कोणता पक्षी?" असं आहे. चित्रबलाक आणि पट्टकादंबांसाठी डायव्हर्टरवर पैसे घालायला मी हो म्हणेन.

श्रावणघेवडा
टिटवी, अण्णा, दोघांनाही दंडवत. पोपटांकडे आता वेगळ्या नजरेने बघेन.

सोलापुरी चादर
माळढोकाचं नाव निघालंच आहे तर बोलतो. आमचं शेत नान्नजच्या पट्ट्यात. १९७९ साली अभयारण्य झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, बाजारपेठा, लोकांच्या मालकीची शेतं, सगळं आलं. जमीन विकायची म्हटलं, विहीर घ्यायची म्हटलं की माळढोक आडवा. पुढे कोर्टाच्या मान्यतेने ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं तेव्हा लोकांनी सुस्कारा सोडला. तोवर पक्षी एखाददुसरा उरला होता. पक्षी वाचावा असं आम्हालाही वाटतं, पण दरवेळी कागद आमच्याच सातबाऱ्यावर चिकटतो. तारा टाकणाऱ्याला कुणी अडवलेलं मी तरी पाहिलं नाही.

हातोडा
चादर यांच्याशी १००% सहमत. आणि एक बोचरा प्रश्न विचारतो, चिडू नका. कोळसा नको, धरण नको, सोलर हवं. सोलर कुठे होणार? जिथे ऊन आणि मोकळी जमीन आहे तिथे, म्हणजे जैसलमेर आणि कच्छ. मग तिथली वीज काय पोत्यात भरून आणायची? तार लागणारच. उरलेल्या दीडशे माळढोकांसाठी अख्ख्या देशाची हरित ऊर्जा अडवायची?

टिटवी
दीडशे हीच तर अडचण आहे. १९६९ मध्ये अंदाज १,२६० चा होता. मादी साधारणपणे वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. अशा पक्ष्याची वर्षाला दोन-चार प्रौढ माणसं गेली (हो, माणसंच म्हणते) तरी भरून निघत नाहीत. भारतीय वन्यजीव संस्थेने थर वाळवंटातल्या ४,२०० चौरस किलोमीटरचा अभ्यास करून तारांमुळे वर्षाला सगळ्या जातींचे मिळून सुमारे ८४,००० पक्षी मरत असतील असा अंदाज दिला. त्यात माळढोक मूठभर. पण मुठीतच सगळे उरलेत ना.

अर्धवट वकील
कोर्टाचं नीट सांगतो, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्ही बाजूंनी थापा चालतात.

माजी सनदी अधिकारी आणि वन्यजीवतज्ज्ञ एम. के. रणजितसिंह २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. १९ एप्रिल २०२१ च्या आदेशात न्यायालयाने राजस्थान-गुजरातमधल्या माळढोकाच्या क्षेत्रात कमी दाबाच्या लाइन जमिनीखाली घालायला, उच्चदाबाच्या शक्य तिथे घालायला आणि तोवर डायव्हर्टर लावायला सांगितलं. क्षेत्र होतं जवळपास ९९,००० चौरस किलोमीटर. सरकारने परत जाऊन सांगितलं की एवढ्या पसाऱ्यात हे तांत्रिकदृष्ट्या जमणारं नाही आणि पॅरिस कराराची उद्दिष्टंही बुडतील. २१ मार्च २०२४ ला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने सरसकट निर्बंध मागे घेतले, तज्ज्ञ समिती नेमली आणि त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा मूलभूत हक्काचा भाग मानला. गंमत बघा, पक्ष्याच्या खटल्यातून माणसाला हक्क मिळाला, आणि पक्ष्याचं प्रकरण समितीकडे गेलं.

मधल्या काळात, २०२३ मध्ये, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नियम केले : माळढोकाच्या क्षेत्रात नव्या लाइन ३३ केव्ही आणि त्याखालच्या असतील तर जमिनीखालून, त्याहून वरच्या उघड्यावर चालतील पण डायव्हर्टरसह.

हातोडा यांना एवढंच : न्यायालयाने सोलर अडवलं नव्हतं, तार कशी न्यायची ते सांगितलं होतं.

झिरोवॅट
जमिनीखाली घालायचं बोलायला सोपं आहे. ३३ केव्हीपर्यंत जमतं, शहरात रोज घालतातच. ४०० किंवा ७६५ केव्हीची केबल शेकडो किलोमीटर नेणं म्हणजे वेगळं प्रकरण. लांब केबल स्वतःच कपॅसिटरसारखी वागते, तिला भरायलाच इतका करंट जातो की वाटेत जागोजागी रिअ‍ॅक्टर (तो करंट आवरणारी यंत्रं) बसवावे लागतात. जॉइंट बिघडला तर शोधायचा, खणायचा, जोडायचा, यात आठवडे जातात. उघडी तार तुटली तर आम्ही बहुधा दिवसा-दोन दिवसांत उभी करायचो. त्यामुळे सरकारचं म्हणणं सगळंच बहाणा नव्हतं. पण ३३ च्या खालच्यांसाठी तो बहाणा चालत नाही, आणि माझ्या मते पक्ष्यांना जास्त त्रास याच बुटक्या लाइनचा. त्या गावागावात, तळ्याकाठी, बांधाबांधावर असतात.

पामबीच
नवी मुंबईकर इकडे. आमच्याकडे खाडीतले फ्लेमिंगो मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाला धडकले, चाळीसच्या आसपास मेले. तेव्हा केवढी चर्चा झाली! त्यावर कुणी काही केलं का पुढे?

कांदाभजी
विमानाला डायव्हर्टर लावला का, असं विचारताय?

टिटवी
पामबीच, तो वेगळा धागा होईल. पण एक धागादोरा इथे जुळतो : रोहित मोठे प्रवास आणि पुष्कळशी हालचाल रात्री करतात. रात्री साधी लाल-पांढरी चकती कोण बघणार? भीमाकाठ, तुमचा रोहित पहाटे सापडला असेल तर तो रात्रीच गेला असण्याची शक्यता जास्त.

यावर अमेरिकेत नेब्रास्कामधल्या प्लॅट नदीवर छान काम झालंय. तिथे हजारो सँडहिल क्रेन संध्याकाळी नदीत मुक्कामाला उतरतात आणि नदीवरूनच लाइन जाते. तारांना चकत्या लावूनही पक्षी मरतच होते. मग मनोऱ्यावर अतिनील दिवे बसवून तारांवर झोत टाकला. माणसाला तो जेमतेम जाणवतो, पक्ष्यांना दिसतो. दिवे चालू असलेल्या रात्री धडका ९८ टक्क्यांनी कमी झाल्या. २०१९ चा शोधनिबंध आहे. एकाच जागेचा प्रयोग आहे हे मात्र लक्षात ठेवा.

धानपट्टा
गोंदियाहून. आमच्याकडे सारस. सगळ्या महाराष्ट्रात मोजून काही डझन उरलेत, ते गोंदिया आणि शेजारच्या जिल्ह्यांत. पाच-सहा फूट उंचीचा पक्षी, धानाच्या बांधीत घरटं करतो, आणि त्याच बांध्यांवरून ११ केव्हीच्या तारा झोपाळ्यासारख्या लोंबलेल्या. उत्तर प्रदेशात गोपी सुंदर आणि चौधरी यांनी २००५ मध्ये लिहिलं होतं की तिथले जवळपास १ टक्का सारस दरवर्षी तारांनी मरतात. तिथे हजारोंनी आहेत म्हणून टक्का निघतो. आमच्याकडे एक सारस म्हणजेच दोन-तीन टक्के, आणि जोडीतला एक गेला की दुसऱ्याचा तो हंगाम वाया.

आमच्या भागात शेतकरीच घरट्यांवर लक्ष ठेवतात. त्यामुळे चादरभाऊ, सगळीकडे शेतकरी विरुद्ध पक्षी असं नाही हो. फरक असा, की सारसासाठी आमची जमीन कुणी अडवली नाही.

सोलापुरी चादर
शेवटचं वाक्य तुम्हीच लिहिलंत ते बरं झालं.

राईनकाठी
जर्मनीहून लिहितोय. इथे मध्यम दाबाच्या खांबांसाठी कायदाच आहे. नवे खांब पक्ष्यांना शॉक लागणार नाही असेच उभारायचे आणि जुने धोक्याचे खांब ३१ डिसेंबर २०१२ पर्यंत दुरुस्त करायचे. उपाय साधे : जंपरवर इन्सुलेशनची नळी, तारेवर टोपी, उभ्याऐवजी लोंबते इन्सुलेटर. रेल्वेच्या तारांना मात्र सूट. आणि मुदत उलटून गेल्यावरही राहून गेलेल्या खांबांखाली करकोचे आणि मोठी घुबडं सापडतातच. तेव्हा "परदेशात सगळं आलबेल" असं कुणी लिहायच्या आत मीच लिहून टाकलं.

जाता जाता, इथल्या शेतकऱ्यांचीही मनोऱ्यांविरुद्ध आंदोलनं चालू असतात. पक्ष्यांसाठी नाही, जमिनीच्या भावासाठी.

संपादक मंडळ
मधले काही राजकीय प्रतिसाद उडवले आहेत. उजनीचं पाणी कुणी पळवलं यासाठी वेगळा धागा आहे, तो भरून वाहतोय. इथे पक्षी आणि तारा.

भीमाकाठ
बापरे, एवढी माहिती! सगळ्यांचे आभार. दोन मृत्यू वेगळे हे डोक्यातच आलं नव्हतं. पण माझा दुसरा प्रश्न वाहून गेला. अर्ज कुणाला आणि काय लिहायचं?

झिरोवॅट
ताई, तेच सांगायला परत आलो.

मोठे मनोरे आणि खांब यांची ऑफिसं वेगळी. मनोऱ्यांची लाइन सहसा पारेषणची, खांबांची वितरणची. मनोऱ्यावर पाटी असते, तिच्यावर लाइनचं नाव, दाब आणि मनोऱ्याचा नंबर. पाटीचा फोटो काढा. "तळ्याजवळची लाइन" असं लिहिलेला अर्ज जागेवरच मरतो. "अमुक लाइन, अमुक नंबर ते अमुक नंबर" असं लिहिलं की कुणाला तरी त्यावर शेरा मारावाच लागतो. अख्ख्या लाइनला डायव्हर्टर मागू नका. पाण्यावरून आणि पाण्याकडेने जाणारे चार-पाच स्पॅन मागा. बसवायला एकतर शटडाउन लागतो नाहीतर ड्रोन, त्यामुळे देखभालीच्या शटडाउनमध्येच हे काम उरका असं सुचवा.

खांबांसाठी वेगळी युक्ती. "घुबड वाचवा" लिहाल तर फाइल हलणार नाही, मी ऑफिसं आतून पाहिली आहेत. लिहा : "या डीपीवर पक्षी अडकून फीडर वारंवार ट्रिप होतो, पंप बंद पडतात." जंपरवर स्लीव्ह घाला म्हणा. लघुदाबाच्या तारा असतील तर एबी केबल (इन्सुलेशन असलेल्या तारांची जुडी) मागा. ती जाड असते, पक्ष्याला दिसते, शॉक देत नाही, आणि तिच्यावर आकडा टाकता येत नाही. चोरी थांबते म्हटल्यावर साहेबलोकांचे कान लगेच टवकारतात.

भावालाही सांगा, घुबड चिकटलं की त्याचीच मोटर बंद पडते. त्याच्या आठ तासांतलेच तास जातात.

हातोडा
हे मात्र पटलं. तीन पानं पक्षीप्रेम वाचून जे पटलं नव्हतं ते फीडर ट्रिपने पटलं.

टिटवी
अर्जाआधी नोंदी करा. आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी लाइनखालून चालायचं, तारीख, मनोऱ्याचा नंबर, पक्षी, जखम की जळल्याची खूण, असा फोटोसकट तक्ता. काही सापडलं नाही तर तेही लिहायचं. कुत्री आणि कोल्हे रातोरात मेलेले पक्षी उचलतात, त्यामुळे सापडलेला आकडा नेहमी खऱ्यापेक्षा कमी असतो, हे अर्जात एका ओळीत सांगा.

मेलेला पक्षी घरी आणू नका, पीसही नाही, वन्यजीव कायदा आहे. वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा आणि पंचनाम्याचा आग्रह धरा. पंचनाम्याची प्रत जोडलेला अर्ज टोलवणं अवघड जातं. आणि चकत्या बसल्या तरी नोंदी थांबवू नका. त्या वाऱ्याने फिरून फिरून झिजतात, पडतात. पडलेली चकती परत लावायला कुणी आपणहून येत नाही.

अर्धवट वकील
एक प्रत विभागीय वनाधिकाऱ्यांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना. पोच घ्या. महिना-दीड महिना गप्प बसले तर माहिती अधिकारात "माझ्या अर्जावर काय कार्यवाही केली" एवढाच प्रश्न विचारा. भाषण लिहू नका.

कांदाभजी
या धाग्यात मी प्रथमच गंभीर होतोय : इंदापूर-भिगवण पट्ट्यात मीही आहे. रविवारी चालायला येतो. वाटेत मासे खाऊ.

भीमाकाठ
चालेल! भावालाही फीडरचं सांगितलं, तो बॅटरी घेऊन डीपीकडे गेलासुद्धा. अण्णा, गेल्या आठवड्यात काढलेला मनोऱ्याच्या पाटीचा फोटो खाली टाकलाय, हीच का ती?

झिरोवॅट
ताई, ही "धोका" लिहिलेली कवटीची पाटी. नंबरची तिच्या शेजारी असते. परत जा.

कांदाभजी
रविवारीच काढू. मासे नक्की.